भाड्याचा हँड ऑगर: चिकणमातीत वाघ, वाळूत शेळी

घरी सांगितलं महिनाभर तेलावर काम आहे तर आत्याला वाटलं पोरगं तेल कंपनीत चिकटलं. इजिप्तमध्ये जुन्या वस्तीच्या टेकाडाला तेल म्हणतात, नाहीतर कोम, आपण पांढरी म्हणतो ना तसलंच. आमचं तेल शर्किया प्रांतात, नाईलच्या डेल्टामध्ये, झगाझिग शहराच्या तेल बस्तापासून फार लांब नाही. हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय की तिथं गाव भर पडून पडून उंच झालं आणि देऊळ खाली राहिलं. आता उलटंय, जुन्या कच्च्या विटांची माती म्हणजे सबाख शेतकऱ्यांनी खत म्हणून उपसून नेली, टेकाड आक्रसलं आणि कडेला बरसीमची, म्हणजे चाऱ्याची, शेतं आली.

मॅग्नेटोमीटरला, म्हणजे न खणता जमिनीखालचं टिपणाऱ्या यंत्राला, वरच्या भिंती दिसतात, खोल काय ते नाही, म्हणून कैरोतून हा ऑगर भाड्यानं घेतला. आपलं गिरमिटच, फक्त माणसाएवढं, आणि 1-1 मीटरचे रॉड जोडत जायचं. चिकणमातीत लोण्यासारखा जातो खरंच, दांड्याची पकडही छान. वीतभर माती निघाली की अर्ध्या चिरलेल्या पाइपात ओळीनं मांडायची, काळा गाळ, मग राखाडी, त्यात विटेचे तांबूस ठिपके आणि नखाएवढं खापर. ते खापर बरसीमखालून 3 मीटरवर आलं तेव्हा कळलं गाव शेताखाली पण आहे, सोबतचे पुरातत्त्व खात्याचे इन्स्पेक्टरसुद्धा चहा ठेवून उठले.

पण 5 मीटरच्या पुढं पिवळी वाळू लागली. आम्हाला तीच हवी होती, कारण पुराच्या वर राहायला लोकांनी असल्या वाळूच्या उंचवट्यांवरच वस्ती केलेली. आणि इथंच घोळ, पाण्याखालची वाळू साध्या बिटात, म्हणजे ऑगरच्या माती धरणाऱ्या टोकात, थांबत नाही, वर येईपर्यंत सगळी गळते. वाळूचा वेगळा बिट लागतो, तो यादीत लिहिलेला, पेटीत नव्हता. फोन केला की "बुक्रा", म्हणजे उद्या, तो उद्या 9 दिवस चालला. त्यात एकदा भोक ढासळून रॉड अडकला, तिघांनी ओढून काढला तर जोडणीची पिन गायब.

5 पैकी 3. घेणार असाल तर पेटी दुकानातच उघडून बघा, जाड ग्लोव्हज आणि पाना स्वतःचा न्या. पिनेचे पैसे डिपॉझिटमधून कापले, न दिलेल्या बिटाचं भाडं मात्र आम्हीच भरलं!