सरसाने जोडलेलं व्हायोलिन : अकरा महिन्यांनंतर

बाबांचं व्हायोलिन निपाणीजवळच्या एका कारागिरांकडून दुरुस्त करून आणलं, त्याला अकरा महिने झाले. खर्च साडेसहा हजार, वेळ सात आठवडे. फेब्रुवारीत हे लिहायला बसलो असतो तर नुसती तक्रार लिहिली असती.

दोन वर्षांपूर्वी वरची फळी आणि बाजूची पट्टी यांच्यामधला खालचा सांधा सुटला होता. बेळगावातल्याच एका दुकानात ६०० रुपयांत फर्निचरचा पांढरा गम लावून मिळाला. पैसे वाचले म्हणून मी खूश. पुढच्या मार्चमध्ये हवा कोरडी पडली आणि वरची फळी रेषेरेषेने दोन इंच तडकली. स्प्रूस नावाच्या लाकडाची ती फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. ती आक्रसायला लागली, गम सोडेना, मग लाकूडच फाटलं.

मिरजेला तंबोरे-सतारी करणारी पिढीजात घराणी आहेत, पण व्हायोलिनची बांधणी वेगळी, म्हणून निपाणी गाठली. तिथल्या कारागीर काकांनी गरम पाणी आणि पातळ सुरीने फळी उघडली. जुना गम खरवडण्यातच जास्त दिवस गेले. तो उरला तर त्यावर सरस, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला गोंद, धरत नाही. तड्याला आतून लाकडाच्या चिपा लावल्या, साउंड पोस्ट, म्हणजे आत दोन फळ्यांमध्ये उभी असलेली छोटी काठी, नवा घडवला. सगळं काम कातड्याच्या सरसाने, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात साठेक अंशांवर तापवून.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्या, साबण-खडूवर भागलं. खर्जाची तार आधी बसकी वाजायची, ऑक्टोबरपासून मोकळी झाली.

फेब्रुवारीत तोच सांधा बोटभर उघडला. साडेसहा हजार पाण्यात गेले असं वाटून फोनवर माझा आवाज चढला. काका म्हणाले, "सांधा सुटला न्हवं? मग फळी वाचली की. घेऊन या." रात्रभर शिकंज्यात ठेवलं, पैसे घेतले नाहीत. मला फक्त बसभाडं पडलं.

या जागी सरस मुद्दाम पातळ लावतात, ताण आला की लाकडाआधी सांधा सुटावा म्हणून. १७३७ साली वारलेल्या स्ट्रॅडिव्हरी या नामांकित इटालियन कारागिराच्या बहुतेक व्हायोलिनांना पुढच्या काळात लांब माना बसवल्या गेल्या, आणि ती अजून वाजताहेत. सरसाचे सांधे उघडता येतात म्हणूनच ते जमलं. त्या ६०० रुपयांचं मला आजही वाईट वाटतं.

आता उन्हाळाभर दर रविवारी कडेकडेने बोटाच्या पेराने ठोकून बघतो. सुटलेल्या जागी खुळखुळ ऐकू येते. कालपर्यंत तरी सगळीकडे भरीव आवाज आहे.