एडीएचडी: गोळी, थेरपी की कोचिंग? किशोरांसाठी आणि मोठ्यांसाठी निवड करताना

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण करणाऱ्या अवस्थेचं, निदान झालं की घरात पहिला वाद सुरू होतो तो औषध घ्यायचं की नाही, यावरून. माझ्या मते त्याआधी दुसरी गोष्ट पाहावी: गोळी असो, थेरपी असो की कोचिंग, ती मदत ऐन कामाच्या वेळी हजर असते का? एडीएचडी असलेल्या माणसाला काय करायला हवं ते बहुतेक वेळा ठाऊक असतं, पण ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नुसतं ऐकून घेणाऱ्या समुपदेशनाने मन हलकं होतं, त्याची किंमत आहेच. कॉलेजचं जर्नल मात्र अपुरंच राहतं.

औषध

आपल्याकडे मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत ओसरते. सावकाश विरघळणारी आठ ते बारा तास पुरते. म्हणजे सकाळी सातला घेतलेली साधी गोळी कॉलेजच्या पहिल्या तासांना उपयोगी, संध्याकाळच्या अभ्यासाला तिचा काही उपयोग नाही. आपला दिवस नेमका कुठे घसरतो हे डॉक्टरांना सांगितलंत तरच गोळीचा प्रकार आणि वेळ नीट ठरते.

भूक मरणं, झोप लांबणं, नाडी वाढणं हे नेहमीचे त्रास. डबा तसाच परत येऊ लागला तर गोळीआधी पोटभर नाश्ता द्या आणि रात्री भूक लागेल तेव्हा जेवू द्या. वाढत्या वयात उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब किमान दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात, पण तो दिवसभर राहतो. व्यसनाचा इतिहास असेल किंवा पहिलं औषध सोसत नसेल तर डॉक्टर बहुधा याचा विचार करतात. किशोरांमध्ये या औषधाने आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा स्पष्ट इशारा आहे, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे मुलाच्या वागण्याकडे घरच्यांचं लक्ष हवंच.

मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतं, ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानात असेलच असंही नाही, तेव्हा पाकीट संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करा. अमेरिकेतून परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथलं ॲडरॉल हे एडीएचडीचं औषध इथे मिळत नाही.

थेरपी

इथे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी, आणि तीही एडीएचडीसाठी बेतलेली, असं नेमकं विचारावं. चांगल्या सत्रात डायरी आणि फोन टेबलावर असतात. ‘रिटर्न भरणे’ हे काम यादीत तसंच राहू देत नाहीत. ते ‘पासवर्ड रीसेट करणे’, ‘फॉर्म सोळा डाउनलोड करणे’ इतकं बारीक करतात. तुम्ही खरोखर किती मिनिटं बसू शकता ते मोजतात. बारा मिनिटं असतील तर टायमर बाराचाच. मध्येच गॅसचं बुकिंग आठवलं तर उठायचं नाही, शेजारच्या कागदावर लिहायचं आणि टायमर वाजल्यावर बघायचं. हा कागद घरी, ऑफिसात, कुठेही सोबत येतो, म्हणून ही थेरपी माझ्या कसोटीला उतरते.

पुरावाही आहे. 2010 साली औषध चालू असूनही त्रास उरलेल्या 86 प्रौढांवर एक चाचणी झाली. सीबीटी घेतलेल्यांची लक्षणं, शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडणं, शिकवलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाली. हे सगळे जण औषधावर होते, हे विसरू नये. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही तशाच आहेत: परिस्थितीत जमतील ते बदल करूनही अडचण उरली तर प्रौढांना औषध देऊ करावं, आणि औषध नको असेल, सोसत नसेल किंवा पुरत नसेल तर थेरपीचा विचार करावा.

पंधरा वर्षांचा मुलगा आणि पस्तिशीची बाई

किशोराच्या बाबतीत घर हाही उपचाराचा भाग असतो. ‘लक्षच नाही तुझं’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या मुलाला एकट्याला थेरपिस्टकडे सोडून आई-बाबा बाहेर बसले, तर फारसं हाती लागत नाही. पालकांची वेगळी सत्रं हवीत. शिवाय मुलाचा होकार हवा. ओढून नेलेला मुलगा सत्रात गप्प बसतो आणि गोळी तोंडात धरून बेसिनमध्ये टाकतो. शाळेशी सवलतींबद्दल बोलायचं असेल तर एक गोष्ट माहीत असावी: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली कायमची अडचण, आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे, म्हणून दहावीच्या आधीच अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ती होते.

मोठ्यांची अडचण निराळी. पस्तिशीतल्या बाईला बहुधा आधी नैराश्याचं किंवा चिंतेचं निदान मिळालेलं असतं, कारण शाळेत ती दंगा करत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. तिच्यासाठी आधी औषध, मग सीबीटी हा क्रम मला पटतो. थायरॉइड आणि झोप मात्र आधी तपासून घ्यावी.

कोचिंग आणि गट

कोचला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. रोज दहा मिनिटं फोनवर सोबत बसून काम सुरू करून देणारा कोच मोलाचा असतो, पण निदान आणि उपचार त्याच्याकडून घेऊ नका. आधारगटाने एकटेपणा हटतो आणि खर्चही जवळपास नसतो. न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवण्याची, महागडी पॅकेजेस मी तरी घेणार नाही. त्यामागचा पुरावा कच्चा आहे.

एकच गोष्ट परवडत असेल तर

मोठ्यांनी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन औषधाचं विचारावं. किशोरांच्या घरी लक्षणं सौम्य असतील तर पालकांच्या सत्रांपासून सुरुवात करावी, पण वर्षच हातचं जायची वेळ आली असेल तर औषध लांबवू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं, जवळची सेवा कुठे आहे तेही तिथे विचारता येतं.

पहिल्या भेटीला शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शेरे असलेली न्या, कारण लक्षणं बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी विचारा. आणि भेटीच्या आदल्या दिवशी व त्याच सकाळी मेसेज पाठवाल का, हेही विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.