घरच्या मॅप टाइल्स: एक अख्खा कोल्हापुरी पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळ्यात बनवलेल्या टाइल्स (जोडून खेळाचा नकाशा मांडायचे चौकोनी तुकडे) आता पूर्ण पावसाळा काढून बसल्यात आणि जवळपास दर रविवारी डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन टेबलाभोवती खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबलावर वापरून झाल्यात, त्यामुळे आता त्यांच्याबद्दल खात्रीनं बोलता येतं. सरळ सांगतो, आपल्या हवेत टिकवायच्या असतील तर पुठ्ठ्याच्या नादाला लागू नका, ५ मिमीचा सनबोर्ड घ्या.

बाइंडिंगचा पुठ्ठा कापायला सोपा आणि दिसतोही छान, पण जुलैत इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पुठ्ठा ओल धरतो आणि कडा वर उचलतात. दोन्ही बाजूंनी सारखाच रंग दिला तर वाकणं बरंच कमी होतं (एकाच बाजूला दिला की ती बाजू सुकताना ओढून घेते), तरी दोन टाइल्स शेजारी ठेवल्या की मधे फट दिसतेच आणि मिनी (पात्राची छोटी मूर्ती) तिथंच अडखळून पडतो. सनबोर्ड पीव्हीसीचा, पाणी पीत नाही, आणि फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, नीट विचारलं की स्वस्तात देतात. कोल्हापुरात फ्लेक्सला काय तोटा, भावा!

थर्माकोलवर दगडी पोत झटकन येतो हे खरं, पण कोपरे पहिल्याच महिन्यात चुरतात आणि साधा स्प्रे पेंट मारला की त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवून टाकतं. तो मोठ्या खडकांना ठेवा, फरशीला नको.

मापाचं म्हणाल तर १ इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले ५ फूट, आणि टाइल ६ बाय ६ इंचांची. खेळात माणसाची एका पाळीतली चाल ३० फूट, म्हणजे बरोबर एक टाइल, त्यामुळे नवीन पोरांनाही अंतर बघताक्षणी कळतं, मोजत बसावं लागत नाही. स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड, पहिल्या हाताला हलकी रेघ, मग दुसऱ्या-तिसऱ्या हातात आरपार. फरशीच्या रेघा कटरनं वरवर पाडायच्या आणि रिकाम्या बॉलपेननं दाबत रुंद करायच्या, मग काळा हात, वरून करडा ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशनं नुसत्या उंचवट्यांवर रंग), नि झालाच दगड.

माझं ठाम मत असंय की भिंती उभ्या करू नयेत. फोटोत लई भारी दिसतात, पण टेबलाभोवती पाच-सहा जण बसले की पलीकडच्याला खोलीत काय चाललंय दिसत नाही, सगळे उठून वाकून बघतात आणि लढाई रेंगाळते. भिंतीच्या जागी अर्धा इंच काळी पट्टी रंगवा, खेळणाऱ्याला तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वापर पन्हाळ्याच्या अंधारबावीवरून केलेल्या सेटचा झाला. तीन मजली बांधकाम, तळाला विहीर, वळत जाणारा जिना, पहारेकऱ्यांसाठी भिंतीत कोनाडे आणि गडाबाहेर निघायच्या चोरवाटा, आता याहून चांगला डंजन (खेळातलं धोक्यांनी भरलेलं तळघर) कुणी काय बनवणार! मजले एकावर एक न रचता शेजारी शेजारी मांडतो, जिन्याला तिन्हीकडे एकच खूण, त्यामुळे एक जण खाली पाण्याजवळ अडकलाय आणि बाकीचे वर दाराशी लढतायत हे एका नजरेत दिसतं. ज्यांनी लहानपणी सहलीत ती बाव बघितलीय त्यांना वर्णन करून सांगावंच लागत नाही, आणि मला तर वाटतं आपल्या गडांवर असे सेट आणखी व्हायलाच पाहिजेत.

शेवटचा हात मात्र नीट निवडा. पातळ केलेला फेविकॉल बरेच जण सुचवतात, पण दमट हवेत तो परत चिकट होतो आणि पेटीत एकावर एक ठेवलेल्या टाइल्स एकमेकींना धरून बसतात, ओढल्या की रंग निघतो. मॅट ॲक्रिलिक वार्निश द्या, पूर्ण सुकू द्या, आणि पावसाळाभर मधे बटर पेपर घाला. मातीसाठी वाळवलेली चहाची पूड चिकटवली होती, तिच्यावर ऑगस्टमध्ये बुरशी आली, चाळलेल्या बारीक वाळूला काही झालं नाही.

टाइल्स टेबलावर सरकतात ही तक्रार राहते. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट खाली घातली की हलत नाहीत, चुंबक बसवायच्या खटाटोपात पडायची गरज नाही.