फ्लॉफाइंडर: सी भाषेतील कोडसाठी जुनी, पण कामाची चाळणी

सी आणि सी++ मधील सोर्स कोडात सुरक्षेच्या दृष्टीने कच्च्या असलेल्या जागा दाखवणारे फ्लॉफाइंडर हे मोफत साधन डेव्हिड व्हीलर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. ते पायथनमध्ये लिहिलेले असून पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने क्षणात बसते. शिवाय कोड कंपाइल होण्याचीही गरज नसल्यामुळे, ज्याच्या हेडर फाइल कधीच हरवल्या आहेत अशा वारशाने आलेल्या प्रकल्पावरही ते चालवता येते. माझ्यासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

त्याची कार्यपद्धती साधी आहे. धोकादायक फंक्शनांची यादी त्याच्यापाशी असते आणि कोडात त्यांपैकी एखादे दिसले की ते ० ते ५ यांपैकी जोखमीची पातळी आणि सीडब्ल्यूई (सॉफ्टवेअरमधील कमकुवतपणाच्या प्रकारांची सर्वमान्य यादी) क्रमांक देऊन ती ओळ दाखवते. लांबीची मर्यादा न पाळता इनपुट वाचणाऱ्या ‘गेट्स’ला सरळ ५ मिळतात, आणि ते योग्यच आहे, कारण सी भाषेच्या सी११ मानकाने ते फंक्शनच काढून टाकले. मजकुराची नक्कल करणाऱ्या ‘स्ट्रसीपीवाय’ला एरवी ४ मिळतात, परंतु त्यात स्थिर मजकूर उतरवला जात असेल तर पातळी खाली येते, इतपत तारतम्य त्याला आहे.

त्यापुढची समज मात्र त्याच्याकडून अपेक्षू नये. माहिती कोठून येते आणि लांबी आधी तपासली आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्यामुळे निर्दोष ओळींवरही इशाऱ्यांचा पाऊस पडतो. २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या ओपनएसएसएल लायब्ररीतील गाजलेल्या त्रुटीच्या मुळाशी न तपासलेल्या लांबीने केलेला ‘मेमसीपीवाय’ (मेमरीतील मजकुराची नक्कल करणारे फंक्शन) होता. हे साधन असा प्रत्येक ‘मेमसीपीवाय’ २ या पातळीवर दाखवते, पण त्या गर्दीतला खडा आपणच निवडायचा असतो.

एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. ओळीवर ठरावीक शेरा (कॉमेंट) लिहिला की तिचा इशारा दाबला जातो. माझ्या हाती आलेल्या एका कोडात पूर्वसुरींनी असे शेरे सढळ हाताने पेरले होते, आणि अहवालाच्या स्वच्छतेवर मी भाळलो होतो. परक्या कोडावर पहिली फेरी असे शेरे न जुमानणारा ‘नेव्हरइग्नोर’ पर्याय देऊनच काढावी.

सध्या मी जुन्या कोडासाठी किमान पातळी ४ ठेवतो, तर नव्या बदलांसाठी ‘पॅच’ पर्याय वापरून फक्त बदललेल्या ओळी १ पातळीपासून तपासतो. तेवढा अहवाल चहा निवण्याआधी वाचून होतो.