दोरीवरचे झगे की धातूच्या टाचण्या?

1998-99 च्या कोसोव्हो युद्धात सुमारे 20,000 स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी कोसोव्होच्या राजधानीत, प्रिश्टिनात, 2015 साली दोन कलाकृती उभ्या राहिल्या. 'हेरोइनात' (म्हणजे वीरांगना) हे स्मारक कायमचं: 20,000 धातूच्या टाचण्या कमीजास्त उंचीवर बसवल्या आहेत आणि त्यांतून एका स्त्रीचा चेहरा उमटतो. आकडा चोख. पण चेहरा सगळ्यांचा मिळून एकच, हे मला खटकतं.

दुसरी कलाकृती कलावंत अल्केता जाफा म्रिपा यांची. गावोगाव फिरून, पीडितांसह अनेकांनी दिलेले 5,000 स्कर्ट आणि झगे त्यांनी गोळा केले आणि फुटबॉलच्या मैदानात दोऱ्या बांधून वाळत घातले. पुरुषांच्या मैदानात बायकांचं धुणं! कोसोव्होच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष आतिफेते याह्यागा यांनीही आपला कपडा दिला. घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत, असं आपल्याकडेही बजावतात. इथे तर धुतलेले, स्वच्छ कपडेच टांगले होते, जणू डाग त्यांच्यावर नव्हताच. प्रत्येक झग्याची मापं वेगळी, शिवण वेगळी.

मैदान पुन्हा खेळासाठी मोकळं झालं, टाचण्या मात्र अजून जागेवर आहेत. तरी मला विचाराल, तर माझं मत झग्यांना.