फंड वर गेलेला, शेअर खाली आलेला

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला उतरत होते. "ताई, बोनस आलाय, साडेचार लाख. शिवाय महिन्याला पंधरा हजार बाजूला पडतील. म्युच्युअल फंडात टाकू की पडलेले चांगले शेअर उचलू?" घरी पोचेपर्यंत त्याच्या दोन याद्याही आल्या. एकीत गेल्या वर्षी सर्वांत जास्त परतावा दिलेले पाच फंड. दुसरीत ५२ आठवड्यांच्या नीचांकाजवळ घुटमळणारे सात शेअर.

याद्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि मला हसू आलं. फंड निवडताना साहेबांचं म्हणणं, जे वर गेलंय ते आणखी वर जाणार. शेअर निवडताना म्हणणं, जे खाली आलंय ते वर येणार. माणूस एक, दुपार एक, नियम मात्र एकमेकांच्या उलटे. दोन्हीकडे त्याने पाहिलं ते इतकंच, की भाव कुठून कुठे गेला. अर्थात मला हसायचा फारसा अधिकार नाही. माझा हिशेब पुढे येतोच आहे.

चूक झाली तर किती जातं

तुलना मी इथूनच सुरू करते, परताव्यापासून नाही. शेअर बाजाराचा साधा फंड वाईट निवडला तर काय होतं? बाजाराने बारा टक्के दिले, तुमच्या फंडाने नऊ दिले. चिडचिड होते, पण मुद्दल शाबूत राहतं. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, १२,४०० च्या वर होता, २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला आणि नोव्हेंबरात पुन्हा जुन्या उंचीवर आला. ज्याचा महिन्याचा हप्ता चालू होता त्याला या काळात काहीच करावं लागलं नाही. मधे हप्ता बंद न करणं एवढंच काय ते काम होतं, आणि तेही सगळ्यांना जमलं नाही.

फंडात धक्के बसत नाहीत असं नाही. माझ्या आईच्या पिढीला यूएस-६४ आठवत असेल. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने त्या योजनेची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा निवृत्तीचे पैसे त्यात ठेवलेल्या घरांमध्ये सुतक आल्यासारखं झालं होतं. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेंपल्टनने सहा रोखे योजना, म्हणजे कर्जरोख्यांत पैसा ठेवणारे फंड, एकदम गुंडाळल्या. पैसे नंतर टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण अडकले ते अडकलेच.

एका कंपनीच्या शेअरला मात्र तळ नसतो. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलचं उदाहरण घ्या. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, पिरामल समूहाने ती घेतली आणि जून २०२१ मध्ये जुने शेअर बाजारातून काढून टाकले गेले. भागधारकांच्या हाती शून्य आलं. व्यवसाय पुढे चालू राहिला, कंपनीला कर्ज देणाऱ्यांना काही ना काही मिळालं. रांगेत शेवटी उभा असतो तो भागधारक.

"नव्वद टक्के पडलाय, अजून किती पडणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर आता पाठ झालंय. शंभरचा शेअर वीसवर आला म्हणजे ऐंशी टक्के पडला. तिथे कुणीतरी "आता स्वस्त झाला" म्हणून घेतला. मग तो दहावर आला. कागदावर तो आता नव्वद टक्के पडलेला आहे, पण वीसला घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेले. आणि दहाचा पाच व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

पडलेला आणि मोडलेला

पडलेल्या शेअरमध्ये पैसा होतो, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की कंपनी पडली आहे की मोडली आहे.

सोपं उदाहरण मॅगीचं. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगीवर देशभर बंदी आली आणि नेस्लेचा शेअर घसरला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नोव्हेंबरात पाकिटं दुकानात परतली. त्या पाच महिन्यांत कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर नव्हता, इतर माल विकला जात होता आणि पोरं मॅगीची वाट बघत होती. संकट एका मालावरचं होतं आणि ते कधीतरी संपणारं होतं.

आता अवघड उदाहरण. मार्च २०२० मध्ये टाटा मोटर्स ६५ रुपयांच्या आसपास होता. २०१५ मध्ये तोच शेअर सहाशेच्या जवळ गेला होता. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या घरात होती, ती ६ मार्च २०२० ला काही काळ सहा रुपयांच्याही खाली गेली. नुसता आलेख बघितला तर दोघांची गत सारखीच. मग फरक कुठे होता?

तो प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मुख्य मालकांच्या, खिशात होता. डिसेंबर २०१९ मध्ये टाटा सन्सने १५० रुपये भावाने टाटा मोटर्सचे नवे शेअर घेऊन कंपनीत पैसा ओतला. येस बँकेत उलटं चाललं होतं. आपले शेअर कधीच विकणार नाही असं २०१८ मध्ये जाहीरपणे सांगणाऱ्या, बँकेचे संस्थापक राणा कपूर यांच्याकडचा हिस्सा नोव्हेंबर २०१९ पर्यंत जवळजवळ संपला होता. ही माहिती गुपित नव्हती. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता येतो, त्यात प्रवर्तकांचा वाटा किती आणि त्यातला कर्जासाठी तारण ठेवलेला किती, दोन्ही दिसतं.

यातही एक खोच आहे. टाटा सन्सने १५० ला घेतलेला शेअर तीन महिन्यांत ६५ वर आला. म्हणजे घरच्या मालकालाही तळ दिसला नाही. पुढे २०२४ मध्ये तो अकराशेच्या वर गेला हे आज सांगणं सोपं आहे. ६५ वर असताना तो धरून ठेवण्याइतकी तुमची समजूत पक्की होती का, खरा प्रश्न हा.

येस बँक बुडाली नाही. स्टेट बँकेच्या पुढाकाराने ती वाचली, ठेवीदारांचे पैसे मिळाले. तरीही २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुईने तिच्यातला हिस्सा घ्यायचं ठरवलं ते शेअरला २१.५० रुपये देऊन. दोनशेला "स्वस्त" म्हणून घेणाऱ्याचं काय झालं असेल ते तुम्हीच मांडा. कंपनी जगली म्हणजे शेअर जगला असं होत नाही, आणि त्याचं कारण सर्वांत स्वच्छ दिसतं ते आपल्या पुण्याच्या सुझलॉनमध्ये.

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या वर होता. कर्जाने कंपनी वाकली आणि २०२० मध्ये शेअर दोन-तीन रुपयांवर आला. मग पवनऊर्जेला पुन्हा दिवस आले, कर्ज फिटलं आणि २०२४ मध्ये शेअर ऐंशीच्या पुढे गेला. दोन-तीन रुपयांना घेणारे आजही लग्नकार्यात भेटले की ती गोष्ट सांगतात. पण जानेवारी २००८ मध्ये घेतलेल्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत. आणि गंमत ही, की २०२४ मध्ये कंपनीचं एकूण बाजारमूल्य २००८ च्या शिखरापेक्षा जास्त होतं! २००८ मध्ये शेअर होते सुमारे दीडशे कोटी. पुढे कर्जाच्या बदल्यात, नव्या भांडवलासाठी, हक्कभागात (आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) असे वाटत वाटत ते साडेतेराशे कोटींच्या पुढे गेले. भाकरी मोठी झाली, पण खाणारी तोंडं नऊपट झाली. म्हणून "पूर्वी चारशे होता" या वाक्याला काही अर्थ नसतो. चारशेचा तो शेअर वेगळ्या मापाचा होता.

तेव्हा पडलेला शेअर घ्यायचा असेल तर भावाच्या आधी चार गोष्टी बघा. कर्ज किती आणि त्याचं व्याज नफ्यातून निघतं का. नफा कागदावरच आहे की रोख हातात येते आहे. प्रवर्तक घेतो आहे की विकतो आहे, आणि तारण किती. पाच वर्षांत शेअरची संख्या किती वाढली. या चारांसाठी एका कंपनीचा ताळेबंद वाचायला माझ्यासारखीला, जी हिशेबनीसच आहे, दोन संध्याकाळी लागतात. सात कंपन्या म्हणजे चौदा संध्याकाळी, आणि दर तिमाहीला थोडी उजळणी.

फंडाकडे मेहनत कमी, पण डुलकी नको

बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले. त्यानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावा लागतो. मग असे तीन फंड घेतले तर तीन ठिकाणी त्याच बँका आणि तीच रिलायन्स. भावाच्या यादीतल्या पाच फंडांपैकी दोन या जातीचे होते आणि तीन एकाच क्षेत्राचे, जे क्षेत्र गेल्या वर्षी तेजीत होतं. २००७ च्या अखेरीस इन्फ्रा फंडांची, म्हणजे रस्ते-वीज अशा कंपन्यांच्या फंडांची, अशीच लाट आली होती. त्यात शेवटी शेवटी शिरलेल्यांना नुसतं मुद्दल दिसायलाही वर्षानुवर्षं थांबावं लागलं. एका वर्षाचा परतावा म्हणजे बहुतेक वेळा वाऱ्याची दिशा असते, फंड मॅनेजरची हुशारी नव्हे.

खर्चाचं मात्र निश्चित सांगता येतं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजना मिळते, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. धरून चला की त्यामुळे वर्षाला एक टक्का वाचतो. महिन्याला दहा हजार, वीस वर्षं, बारा टक्क्यांनी साधारण ९९.९ लाख होतात आणि अकरा टक्क्यांनी ८७.४ लाख. फरक साडेबारा लाखांचा. ज्याला खरोखर हात धरून नेणारा, पडझडीत "थांबा" म्हणणारा एजंट लाभलाय त्याने कमिशन जरूर द्यावं. नुसता अर्ज भरून देणाऱ्याला साडेबारा लाख जरा जास्त होतात.

ज्याला एवढंही करायचं नाही त्याच्यासाठी निफ्टीचा इंडेक्स फंड आहे, जो निफ्टीतल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेतो. तो मला आवडतो तो स्वस्ताईपेक्षा एका वेगळ्या गुणासाठी: तो स्वतःच कचरा काढतो. येस बँकही निफ्टीत होती. मार्च २०२० मध्ये तिला काढून श्री सिमेंटला घेतलं गेलं. इंडेक्स फंडवाल्यांकडे येस बँक होती, पडली, गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते कळलंही नाही. स्वतः शेअर घेणाऱ्याला हे काढणंच सर्वांत जड जातं.

शेअर आणि शेअरचा फंड, दोन्हींना कराचे दर सारखेच. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. फरक एवढा, की फंडाच्या आत मॅनेजरने केलेल्या विक्रीवर तुम्हाला कर लागत नाही, तुमच्या स्वतःच्या नफ्यातल्या विक्रीवर लागतो.

माझा हिशेब

रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचे २०० शेअर मी ९० रुपयांनी घेतले होते. पडला म्हणून ६० ला ३००. आणखी पडला, ३५ ला ५००. मग १४ ला हजार. एकूण ६७,५०० रुपये, दोन हजार शेअर, सरासरी ३३.७५. प्रत्येक वेळी सरासरी खाली आली की मला काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं. दरवेळी मी त्याच चुकीत नवे पैसे घालत होते. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणाऱ्या मी या कंपनीचा ताळेबंद पहिल्यांदा उघडला तो चौदाच्या खरेदीनंतर. प्रवर्तकांचे जवळपास सगळे शेअर तारण होते. आता त्या शेअरचे व्यवहारच होत नाहीत, डीमॅटमध्ये आकडा तेवढा दिसतो.

म्हणून भावाला मी विचारलं ते त्याला आवडलं नाही. गेल्या पाच वर्षांत तोट्यात असलेली एक तरी गोष्ट, "माझं चुकलं" म्हणून विकली आहेस का? शेअर असो, फ्लॅट असो, जुनी गाडी असो. तो गप्प झाला. ज्याचं उत्तर "हो" आहे आणि ज्याच्याकडे त्या चौदा संध्याकाळी आहेत, त्याने पडलेल्या शेअरमध्ये हात घालावा. एका कंपनीत एकूण पैशाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि दुसऱ्यांदा घेण्याआधी नवा तिमाही निकाल वाचलेला हवा. बाकीच्यांनी फंड घ्यावा. दोन पुरे, तीन खूप झाले.

त्याने शेवटी पंधरा हजारांचा हप्ता दोन फंडांत विभागला, एक इंडेक्स आणि एक फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कोणत्याही कंपन्यांत पैसा ठेवणारा), दोन्ही डायरेक्ट. साडेचार लाखांतले चार लाख बँकेत ठेवून तिथून दर महिन्याला थोडे थोडे त्याच फंडांत जातील. उरलेल्या पन्नास हजारांसाठी त्याने सातांपैकी एक कंपनी ठेवली आहे, पण शेअर अजून घेतलेला नाही. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "ताई, वार्षिक अहवालाचं पान १४७. 'आकस्मिक दायित्व' म्हणजे काय?"