‘२४ तासांत खत’ करणारं यंत्र : व्यापारी संघटनेने घ्यावं का?

झाकण उघडल्यावर दिसणारी भुकटी पाहून कोणालाही समाधान वाटेल. आदल्या दिवशी टाकलेले देठ, साली, खरकटं, चहाचा चोथा या सगळ्याची कोरडी, तपकिरी, भाजल्यासारख्या वासाची पूड झालेली असते आणि वजन जवळजवळ पाव हिश्श्यावर आलेलं असतं. विक्रेता याला खत म्हणतो. हे खत नाही, हा वाळवून दळलेला कचरा आहे. दुकानदारांनी मिळून सामाईक यंत्र घेण्याआधी हा फरक पक्का समजून घ्यायला हवा. पुढे येणारी दुर्गंधी, माशा आणि सभासदांची नाराजी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

यंत्राची रचना साधी असते. दुहेरी भिंतीची टाकी, भिंतीत हीटर, मधोमध पाती बसवलेला शाफ्ट आणि वाफ ओढून घेणारा पंखा. कचरा घुसळत घुसळत ७०-८० अंशांवर वाळवायचा, एवढंच त्याचं काम. खत करतात ते जिवाणू आणि बुरशी. आधी साखर-पिष्ट खाणारे जिवाणू ढीग तापवतात. मग ढीग निवतो, तशी काष्ठमय भाग फोडणाऱ्या बुरशीची पाळी येते आणि अमोनियाचं रूपांतर झाडाला घेता येईल अशा नायट्रेटमध्ये होतं. याला आठवडे लागतात. ७० अंशांपुढे यातले बहुतेक जीव मरतात. त्यामुळे यंत्रासोबत मिळणाऱ्या कल्चरच्या, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाच्या, पुडीला त्या २४ तासांत करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. ओंजळभर भुकटी पाण्याने भिजवा, मूठ दाबल्यावर ओलसर लागेल इतपतच. ती काचेच्या बरणीत घालून झाकण सैल ठेवा आणि बरणी तीन दिवस सावलीत राहू द्या. पांढरी बुरशी चढली, आंबूस किंवा कुजका वास आला तर माल कच्चा आहे. पक्व खताला ओल्या मातीचा वास असतो आणि तीन दिवसांनीही तोच राहतो. दुसरी परीक्षा मोहरीच्या दाण्यांची. एका ट्रेमध्ये नुसती माती घ्या, दुसऱ्यात तीन भाग माती आणि एक भाग भुकटी. दोन्हींत ५०-५० दाणे पेरा. भुकटीच्या ट्रेमध्ये उगवण स्पष्टपणे कमी असेल, तर तो माल कुंड्यांत घालू नका. ओलावा लागताच तो तिथेच कुजायला लागतो, मुळांजवळचा प्राणवायू खातो आणि रोप पिवळं पडतं. खरकटं जास्त असेल तर मिठाचा त्रास वेगळा.

विजेचं गणित कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. १०० किलो ओल्या कचऱ्यात ७५ किलो पाणी धरा. त्यातून १० टक्के ओलाव्याची पूड हवी असेल, तर सुमारे २८ किलो माल उरतो आणि ७२ किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट लागतात. म्हणजे ४५ युनिट तर नुसत्या वाफेला हवेत. कचरा आधी तापवणं, भिंतींतून जाणारी उष्णता, मोटर आणि पंखा यांची वीज याच्यावर. माहितीपत्रकात १०० किलोला १५-२० युनिट लिहिले असतील, तर तीन शक्यता आहेत : चाचणीचा कचरा कोरडा होता, बाहेर येणारा माल अजून ओला आहे, किंवा यंत्रात हीट पंप (वाफेतली उष्णता परत वापरणारी सोय) वा पाणी पिळून काढणारा स्क्रू आहे. पिळून काढत असेल तर ते पाणी कुठे सोडतात ते जरूर विचारा. त्यात विरघळलेलं अन्न असतं आणि नुसतं गटारात सोडलं तर प्रदूषणाची जागा बदलते, एवढंच होतं.

‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्यांवरूनही असाच घोटाळा होतो. ईएन १३४३२ या युरोपीय मानकाची अट अशी की १२ आठवड्यांच्या कंपोस्टिंगनंतर पिशवीचा ९० टक्के भाग २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. २४ तासांच्या यंत्रात ती फक्त फाटते आणि तिच्या पट्ट्या शाफ्टला गुंडाळल्या जातात.

दुसरा प्रकार म्हणजे हीटर नसलेलं, हळू फिरणारं ड्रम किंवा हवा खेळवणारी बंद पेटी. आमचं मत याच्या बाजूने आहे. उष्णता जिवाणूच तयार करतात आणि वीज लागते ती फिरवण्यापुरती. मात्र इथे मिश्रण जमलं पाहिजे. ओलावा ५० ते ६० टक्के आणि कर्ब-नत्र गुणोत्तर (नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे किती भाग) २५ ते ३० असावं. नुसता लाकडाचा भुसा घालून हे साधत नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. वरच्या १०० किलो कचऱ्याचा ओलावा केवळ भुशाने ६० टक्क्यांवर आणायचा तर सुमारे ३३ किलो भुसा लागतो. त्याने कर्ब इतका वाढतो की नत्र पुरत नाही आणि ड्रम आठवडाभर कोमट राहतो. त्यापेक्षा १०-१२ किलो भुसा घाला आणि आधीच्या बॅचमधलं चाळून उरलेलं, वाळलेलं भरड खत ३० किलोच्या आसपास मिसळा. ते ओल शोषून घेतं, नत्राचा तोल बिघडवत नाही आणि हवेला वाट देतं. जिवाणूंचं विरजणही त्यातूनच मिळतं, म्हणून कल्चरची वेगळी पुडी विकत घ्यायची गरज राहत नाही.

रोज मूठ दाबून बघा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर ओल जास्त, मूठ उघडताच माल भुसभुशीत सुटला तर कमी. लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यभागी खुपसा. दोन-तीन दिवसांत ५५ अंश दिसायला हवेत आणि ते सलग ३ दिवस टिकायला हवेत, तेव्हा रोगजंतूंचा बंदोबस्त झाला असं समजतात. ६५ च्या वर जाऊ लागलं तर फिरवून निववा. अमोनियाचा डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, भुसा वाढवा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा पोचत नाही. तिथे भुसा नुसता वर पसरून भागत नाही, पूर्ण माल उलटावा लागतो.

विक्रेत्याच्या नकाशात न दिसणारी गोष्ट म्हणजे मुरवण्याची जागा. ड्रममधून निघालेला माल आणखी चार ते सहा आठवडे सावलीत मुरावा लागतो. रोज ५० किलो माल बाहेर पडत असेल, तर सहा आठवड्यांत २१०० किलो साठतो. आकारमानाने तो सुमारे ४ घनमीटर होतो. एक मीटर उंच रचला तरी ४ चौरस मीटर जागा फक्त ढिगाला लागते आणि उलटण्यासाठी तितकीच मोकळी हवी. ही जागा नसेल तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी माल अर्धकच्चा बाहेर जाणार.

यंत्र निवडताना पत्र्याच्या रंगापेक्षा सीलकडे लक्ष द्या. कचऱ्याचं पाणी आंबट आणि खारट असतं. ते शाफ्टच्या सीलमधून झिरपून बेअरिंगमध्ये गेलं की काही महिन्यांत खडखड सुरू होते. सील आणि बेअरिंग यांच्यात मोकळी फट असलेली रचना चांगली, कारण गळती झाली तर ती बाहेर टपकते आणि लगेच दिसते. टाकी स्टेनलेस स्टीलची असावी. रंगवलेलं साधं लोखंड ओरखड्याच्या जागी गंजतं. पाती बोल्टने बसवलेली हवीत, म्हणजे एक वाकली तर तेवढीच बदलता येते. सुतळी किंवा चमचा अडकला तर मोटर जळण्याआधी बंद होऊन उलटी फिरणारी सोय पाहा. झाकण उघडताच शाफ्ट थांबलाच पाहिजे. हा स्विच काढून ठेवलेलं यंत्र एक दिवसही चालवू नका, यात माणसाचा हात जातो. वासासाठी कोळशाचं फिल्टर दिलं असेल, तर दमट गरम हवेत ते लवकर निकामी होतं. ओलसर लाकडी चिपांच्या थरातून हवा सोडणं अधिक टिकाऊ, फक्त चिपा सुकू द्यायच्या नाहीत.

बाकीचं काम माणसांचं. प्रत्येक दुकानाला क्रमांक असलेली झाकणाची बादली द्या. यंत्रापाशी एकच जबाबदार माणूस ठेवा आणि रोजच्या वहीत दोनच आकडे लिहायला लावा : आणलेलं वजन आणि त्यातून बाजूला काढलेलं प्लास्टिक, रबरबँड, स्टेपल, फळांवरचे स्टिकर. वर्गणी या दुसऱ्या आकड्यावर ठरवली की वर्गीकरण सुधारतं. तळणीचं तेल यंत्रात घालू नका, ते कणांवर चढून हवा अडवतं. बायोडिझेलसाठी ते वेगळं घेतलं जातं. आणि खाण्याजोगं उरलेलं अन्न बादलीत येण्याआधीच माणसांपर्यंत पोचवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात उपाहारगृहांसारख्या सेवांचा वाटा २८ टक्के आणि किरकोळ दुकानांचा १२ टक्के होता. हा हिस्सा व्यावसायिकांच्याच हातात आहे.

रोजचा कचरा ३० किलोच्या आत असेल तर यंत्र घेऊच नका. जाळीदार हवेच्या चार पेट्या पुरतात. त्यापुढे ड्रम घ्या. वाळवणारं यंत्र आम्ही एकाच परिस्थितीत सुचवू : कचरा उचलणारी गाडी क्वचित येते, आणि ती पूड घेऊन पुढे खरं कंपोस्ट करणारा कोणीतरी पक्का ठरलेला आहे.

खरेदीआधी आपल्याच बाजारपेठेच्या कचऱ्यावर पूर्ण आठवडा चाचणी मागा. त्यात गर्दीचा दिवस आला पाहिजे. वायरला स्वतंत्र मीटर लावा, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन स्वतः करा. शेवटच्या दिवशीच्या मालाची बरणी संघटनेच्या कार्यालयात ठेवा आणि तीन दिवसांनी ती उघडेपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.